महालक्ष्मीची नखं

नलूकाकू माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी नखं. दार उघडलं की त्यांची नजर सरळ आपल्या बोटांवर, आणि "ये, बस, च्या घेतीस का" हे सगळं त्या बोटांशीच बोलल्यासारखं. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की काकूंचा अहवाल संध्याकाळपर्यंत तयार असे. "बाई चांगली हाय. जरा घाबरट हाय, नखं कुरतडती. पन अंगठा लई रुंद. अख्खा मोर बसंल त्याच्यावर." हा निकाल सहसा चुकत नसे. निदान मोराच्या बाबतीत तरी नाहीच.

सिडकोतल्या रो-हाउसांत आमची आणि त्यांची भिंत एकच होती. त्यामुळे आधी भिंतीतून हसणं ऐकू आलं आणि मग माणूस दिसलं. मी तेव्हा कॉलेजात होते. काकू चाळिशीच्या आसपास, ठेंगण्या, गोल, सावळ्या, आणि यांपैकी कशाचीही खंत नसलेल्या. सासर बिडकीनचं, शेतकऱ्याचं घर. काका सरकारी कचेरीत कारकून, आणि बोलण्यात इतके कंजूष की "हं" म्हणतानाही अनुस्वार खाऊन टाकायचे. मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट काकू पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगून टाकत. समोरच्या बाईला आडून आडून विचारण्याचा त्रास नको, एवढाच त्यामागचा हेतू.

नखांचं वेड त्यांना लागलं एका चिवड्यामुळे. चिवड्याचा पुडा ज्या कागदात आला, तो कुठल्याशा रविवारच्या पुरवणीचा होता आणि त्यावर नखांवर घरच्या घरी काढता येतील अशा सोप्या नक्ष्या छापल्या होत्या. काकूंनी चिवडा डब्यात ओतला, कागदाच्या घड्या मोडल्या आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. सामानात नाना तऱ्हेचे ब्रश आणि कुठली कुठली द्रावणं लिहिलेली. "घरच्या घरी म्हन्ती आन् सामान मुंबईचं मागती," असं म्हणून त्यांनी कागद रद्दीत टाकला. पण डोक्यात शिरलं ते शिरलंच.

मग घरातली एकेक वस्तू आपलं मूळ काम सोडून नखांच्या चाकरीला लागली. काडेपेटीची काडी म्हणजे जाड ठिपका. सेफ्टी पिनेचं टोक म्हणजे बारीक रेघ. केसांच्या आकड्याचं गोल टोक गोलाकार टेकवत नेलं की पाकळ्या, आणि मधोमध पिवळा थेंब टाकला की फूल. भांडी घासायच्या स्पंजचा कोपरा कापून त्यावर दोन रंग शेजारी शेजारी लावायचे आणि नखावर हलकेच थोपटायचे, की संध्याकाळचं आभाळ. वह्यांच्या कव्हरांना लावतात ती चिकटपट्टी नखावर तिरकी चिकटवायची, वरून रंग द्यायचा आणि रंग ओला असतानाच पट्टी ओढायची, की साडीचा काठ. ओढायला उशीर झाला की त्याच काठाचं पोतेरं. काका दाढी करायला बसले की त्यांना आरसा सापडे, पण कापूस सापडत नसे, आणि देवघरात वात लावायला काडेपेटी उघडली की आतल्या निम्म्या काड्यांना लाल डोकी दोन्हीकडून.

"नख म्हंजी बाईचं अंगन," काकू म्हणायच्या. "सिडकोनं आपल्याला अंगन नाय दिलं तर नाय दिलं. देवानं धा धा दिलेत. रांगोळी तर काढशीला."

त्यांच्या स्वतःच्या दोन हातांत मात्र जमीनअस्मानाचा फरक. डाव्या हाताची नखं पाहत राहावीत अशी, कारण ती उजव्या हातानं रंगवलेली. उजव्याची नखं डाव्या हातानं रंगवलेली, त्यामुळे तिथला मोर कावळ्याकडे झुकलेला. कुणी हसलं की काकू दोन्ही हात पुढे करून म्हणायच्या, "हा डावा माहेरी आलेला हाय, म्हनून लाड चालले. उजवा सासरी हाय. त्याचं कोन करतंय?"

पण काकूंची खरी करामत नक्षीत नव्हती, वाळवण्यात होती. रंग लावून झाला की त्या बाईला हुकूम सुटे, की आता कशालाही हात लावायचा नाही. आणि मग ती बाई, जी सकाळपासून पोळपाट, बादली, झाडू, डबे आणि पोरांची नाकं यांच्यातून एक क्षण मोकळी नव्हती, ती बोटं पसरून नुसती बसून राहायची. दूध उतू जायचं, तरी बसून. दारावर कुणी आलं, तरी बसून. नवऱ्यानं चहा मागितला तर बोटं दाखवून "वाळायचंय" एवढंच. आमच्या आईला मी दिवसाउजेडी रिकामी बसलेली पहिल्यांदा पाहिली ती काकूंच्या ओसरीवर. तिला ते इतकं नवं होतं की ती आधी थोडी घाबरली आणि मग विनाकारण हसत सुटली.

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी गल्लीतल्या सगळ्या बायका दुपारी काकूंकडे जमल्या होत्या. पतंगांची नक्षी चालली होती. शेवटच्या बाईच्या करंगळीवर पतंगाचा दोरा काढून होतो न होतो, तोच पाणी आलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि यायचं तेव्हा वेळ सांगून येत नाही. पाणी आलं म्हणजे हातातलं असेल ते टाकून धावायचं, हा आमचा धर्म. सगळ्या बायका उठल्या. काकू दारात आडव्या झाल्या.

"कोनी बादलीला हात लावला तर म्या परत करनार नाय. सांगून ठेवते."

क्षणभर सगळ्या थबकल्या. नळाचा आवाज आणि पतंग, दोन्हींच्या मधोमध. आणि मग एकेक करून सगळ्या खाली बसल्या. त्या दिवशी काका सर्दीमुळे घरी होते. ते पायजमा वर खोचून बाहेर आले आणि पाइप घेऊन या घरचा पिंप, त्या घरची टाकी, पलीकडच्यांचे हंडे भरत गल्लीभर फिरले. आमचे बाबा कचेरीतून लवकर आले होते, त्यांनाही धरलं. समोरचे निवृत्त मास्तरही बादल्या वाहू लागले. बायका ओसरीवर ओळीनं बसून सूचना करत होत्या: मास्तर, तो पिंप आधी विसळा, अहो, पाइप तिकडं नको, इकडं. सगळं भरून झाल्यावर काकांनी त्या वर्षातलं बहुधा सर्वात मोठं वाक्य उच्चारलं. "पुढच्या वेळी पाण्याचा दिवस सोडून बसा." बायकांनी ते नीट ऐकून घेतलं, आणि पुढे कायम पाणी यायच्या संभवाचा दिवस बघूनच बसायला लागल्या.

फजित्याही झाल्या. पेपरची अक्षरं नखावर उमटवायचा एक प्रकार काकूंनी शोधला होता. नख आधी पांढरं रंगवायचं, खडखडीत वाळलं की स्पिरिटमध्ये बुडवायचं आणि पेपरचा तुकडा दाबून धरायचा. अक्षरं उलटी पण सुबक उमटत. पलीकडच्या गल्लीतल्या बँकेतल्या बाई एका लग्नाला निघाल्या होत्या, त्यांना दहाही बोटांवर पेपर हवा होता. दिला. त्या घरी जाऊन आरशासमोर उभ्या राहिल्या, कानातलं घालायला हात वर केला आणि आरशात अंगठ्यावर स्वच्छ वाचलं, "दुःखद निधन". तशाच रिक्षानं परत आल्या, चेहरा पांढराफटक. काकूंनी अंगठा हातात घेऊन निरखला.

"हे नखावर उलटं हाय ना? मंग अर्थबी उलटाच. मेलेला मानूस जित्ता झाला म्हना."

आणि त्यावर एक भलं मोठं सूर्यफूल काढून त्यांना लग्नाला पाठवून दिलं.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना काकूंच्या पोटात एक इच्छा होती, आणि तिच्या आड नेमकी हीच नखं येत होती.

आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांसाठी माहेरी येतात. एके दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवतात, तिसऱ्या दिवशी निघतात. मुखवटे, साड्या, दागिने, कोपरापासूनचे हात, सगळं लावून दोघींना उभं करतात, आणि घरातली बाई त्या तीन दिवसांत त्यांच्याशी लेकींशी बोलावं तसं बोलते. काकूंच्या सासरच्या महालक्ष्म्या बिडकीनला मोठ्या जावेकडे, आक्कांकडे बसत. काकू दर वर्षी तिकडे जाऊन राबून येत. पण लेकी आक्कांच्या घरी येत, काकूंच्या नाही.

एका वर्षी राबतानाच घोळ झाला होता. आक्का पुरणाचे गोळे करायला बसल्या आणि पुरणात लाल टवका निघाला. काकूंच्या उजव्या हाताच्या, त्या सासरी असलेल्या हाताच्या, नखाचा. सगळं पुरण गाईला गेलं आणि पुन्हा डाळ शिजत घालावी लागली. आक्का रागावल्या नाहीत. त्या मुळात कमी बोलणाऱ्या आणि जास्त बघणाऱ्या. त्यांनी फक्त काकूंच्या बोटांकडे बघितलं, आणि काकूंना ते बघणं पुरलं.

पुढे आक्कांच्या गुडघ्यांनी दगा दिला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. थोरला मुलगा पुण्याला. आता महालक्ष्म्या कुठे बसवायच्या, हा प्रश्न आला. आक्का एका दुपारी सिडकोत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नले, यंदा तुझ्याकडं बसवू. धड झालं तर कायमच्या तुझ्याच. पन नखं कोरी पाह्यजेत. पुरनात परत रंग घावला तर म्या दोघींना पुन्याला पोराकडं धाडीन. मंग म्हनू नको."

एरवी काकू भिंतीपलीकडून आईला हाक मारायच्या, त्या आक्का गेल्यावर आमच्या दारातूनच आत आल्या. "माझ्या लेकी यायल्यात गं," म्हणाल्या. "तीन दिस का व्हईना." आणि डोळे पुसताना पदराऐवजी कापसाचा बोळा वापरला, कारण हातात तोच होता. त्या बोळ्यानं त्यांनी त्याच संध्याकाळी दहाही नखं पुसून टाकली.

माणसानं रोजचा चष्मा काढल्यावर तो जसा दिसतो, तसे ते हात दिसत होते. गल्लीत बायका येऊन बघून गेल्या. काकू मात्र ठाम. भाजी निवडताना, डाळ पाखडताना मधूनच आपल्या बोटांकडे बघायच्या आणि मान फिरवायच्या. आठवडाभर कुणाच्याही नखाला त्यांनी हात लावला नाही. "सवय लागंल," म्हणायच्या. लागत नव्हती, हे आम्हाला दिसत होतं.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी दुपारी बिडकीनहून आलेली पेटी उघडली. आई आणि मी मदतीला. मुखवटे पितळी, चिंचेनं घासल्यावर झळाळले. हात मात्र शाडूचे, वर तेलरंग दिलेला. वर्षानुवर्षं पेटीत राहून बोटांच्या टोकांचा रंग उडाला होता. कनिष्ठेच्या एका बोटाचं नख तर अर्धंच उरलेलं.

"एवढा एक टवका भरते," काकू म्हणाल्या. "देवीचं काम हाय. माझं थोडंच हाय?"

"साधा लाल लावा हं, नलूताई," आई म्हणाली.

"साधाच गं."

पहिलं नख साधा लालच होतं. दुसरंही. तिसऱ्याला काकूंनी मान तिरकी करून बघितलं, आणि एक काडी उचलली. त्यानंतर त्यांना आम्ही दोघी खोलीत आहोत याची शुद्ध राहिली नाही. ज्येष्ठेच्या नखांवर हिमरूच्या शालीवर असते तशी बुट्टी आली. कनिष्ठेच्या अंगठ्यावर पैठणीचा मोर, पिसाऱ्यासह. करंगळ्यांना चंद्रकोरी. आठवडाभर कोंडलेलं सगळं त्या चार हातांवर बाहेर आलं. शाडूची बोटं हलत नाहीत, कुरतडत नाहीत, मध्येच उठून दूध बघायला जात नाहीत. इतकं सुबक काम काकूंच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. आम्ही तिघी बघत बसलो.

आणि मग काकूंचा चेहरा उतरला. "आक्का सकाळी येनार."

त्यांनी रिमूव्हरची बाटली घेतली, कापूस भिजवला आणि ज्येष्ठेच्या तर्जनीपासून सुरुवात केली. लाल निघाला. बुट्टी निघाली. आणि पाठोपाठ बोटाचा गव्हाळ रंगही निघाला. कापूस काढला तर खाली पांढरी शाडू. देवीचं एक बोट खडूसारखं पांढरं.

काकूंनी तो हात मांडीवर घेतला. "गेल्या माझ्या लेकी पुन्याला," एवढंच म्हणाल्या. त्यांना रडताना मी तेव्हा बघितलं. हसताना त्यांचं सगळं अंग हसायचं. रडताना नुसते डोळे.

आई म्हणाली, ऑइलपेंट आणू. काकू म्हणाल्या, वास महिनाभर जायचा नाही. मग उठल्या, तोंड धुतलं, ज्येष्ठेचा तो हात कोऱ्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "चल. सलीमभाईकडं बोटाचा रंग जुळवून आनू."

रिक्षात त्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती. हात लांब, पिशवी आखूड. टॉवेल सरकला आणि पाच बोटं बाहेर डोकावू लागली, त्यातलं एक पांढरं. रिक्षावाला आरशातून बघू लागला. रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघू लागला.

"लेकीचा हात हाय माझ्या," काकू म्हणाल्या. "तू म्होरं बघून चालव, बाबा."

बिचाऱ्यानं तिथून सिटी चौकापर्यंत रिक्षा इतकी हळू नेली की सायकलवाले पुढे गेले.

सलीमभाईंचं बांगड्यांचं आणि नटण्यामुरडण्याच्या सामानाचं दुकान म्हणजे काकूंचं दुसरं माहेर. त्यांनी टॉवेल उघडून हात काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. सलीमभाई एक पाऊल मागे सरकले.

"भाभी, देवी का हात है, मैं नईं छूता. तुम पकडो, मैं शीशियाँ खोलतूँ."

मग त्यांनी एकेक बाटली उघडून कागदावर थेंब टाकला, काकू तो कागद देवीच्या मनगटाजवळ धरत, आणि दोघंही मान हलवत. हा पिवळा मारतो. हा गुलाबी झाला. हा तर मेमसाबचा रंग. दुकानात बांगड्या भरायला आलेल्या बुरख्यातल्या दोन बायकाही मत द्यायला पुढे आल्या, आणि शेवटी जो रंग जुळला तो त्यांच्यातल्याच एकीनं वरच्या फळीवर दाखवलेला. जमलं म्हणून सगळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात सलीमभाईंचं लक्ष उरलेल्या नखांकडे गेलं.

"ये हिमरू का काम किसने निकाला?"

"म्याच."

"फिर पोंछते कायकू?"

काकूंनी हात पुन्हा टॉवेलात गुंडाळला. परतीच्या रिक्षात क्रांती चौकाच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, "खरंच की. पुसायचं कशाला?" आणि थोड्या वेळानं, "देवीला केलं ते देवीचं. आक्का न्हेतील तर न्हेतील." घरी आल्यावर त्यांनी पांढरं बोट नव्या रंगानं झाकलं, वाळू दिलं आणि त्या नखावर पुन्हा तीच बुट्टी काढली. बाकीच्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि काकूंचा सगळा भरवसा त्या मोतीबिंदूवर होता. महालक्ष्म्या उभ्या राहिल्या, हार घातले, हातांवर मुद्दाम शेवंतीच्या वेण्या सोडल्या. तो दिवस निभावला. जेवणाच्या दिवशी काकूंनी पहाटेपासून ओलेत्यानं पुरण घातलं, सोळा भाज्या केल्या, आंबील केली, आणि त्यात एक कणही वावगा निघाला नाही. नैवेद्य झाला. पण संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्ली लोटली आणि पहिल्याच बाईनं वेणी बाजूला सारून विचारलं, "अगंबाई, हा मोर कुणी काढला?"

मग काय, सगळ्याच वाकून बघू लागल्या. आक्का उठल्या. गुडघ्यावर हात देत देत पुढे आल्या, निरांजन उचललं आणि देवीच्या हाताजवळ नेलं. बराच वेळ बघत होत्या. एकेका बोटापाशी निरांजन थांबत होतं. काकू दारात पानांचं तबक धरून उभ्या, आणि तबकातल्या सुपाऱ्या वाजत होत्या.

"हे कोनी केलं?"

"म्या."

"म्या काय सांगितलं व्हतं?"

"माझ्या नखांना नाय लावला, आक्का. हे बगा." काकूंनी तबक माझ्या हाती दिलं आणि दोन्ही पंजे पुढे धरले. कोरे, पुरणानं पिवळे झालेले, चुलीच्या चटक्यांनी लाल झालेले.

आक्कांनी निरांजन त्या पंजांजवळ नेलं. तेही बोट बोट बघितलं. मग देवीचा हात बघितला. मग परत काकूंचा.

"लेकी अशा नटलेल्या," आक्का म्हणाल्या, "आन् आय अशी भुंडी. त्यांना बरं वाटंल व्हय?"

काकूंनी पंजे पदराखाली ओढून घेतले.

"पुरन झालं ना आता? निवद झाला ना? मंग लाव की. सैपाकाआधी नाय, सैपाकानंतर. येवढं तरी कळाया पाह्यजे." आणि खुर्चीकडे परत जाता जाता, "पुन्यात त्यांचं असलं कोन करनार हाय? ऱ्हाऊ दे इथंच."

त्या संध्याकाळी काकूंची नखं त्यांनी स्वतः नाही रंगवली. गल्लीतल्या बायकांनी एकेक बोट वाटून घेतलं, आणि काकूंच्या दोन्ही हातांचं मिळून जे काही झालं, ते इतकं भयंकर होतं की काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. आक्कांनी मात्र मरेपर्यंत स्वतःचं एकही नख रंगवू दिलं नाही. बिडकीनला गेल्यावर सगळ्यांना सांगायच्या तेवढं, की आमच्या महालक्ष्म्यांच्या नखांवर मोर असतोय.

पुढच्या वर्षीपासून भाद्रपद लागला की काकूंच्या घरी हात यायला लागले. शाडूचे, लाकडी, पितळी. पिशवीतून, पेटीतून, पोरांच्या सायकलच्या कॅरियरवरून. काकूंच्या दिवाणावर चादर अंथरून देवींचे हात ओळीनं वाळत पडलेले असत, आणि काका त्यांच्या कडेला अंग चोरून पेपर वाचत. एकदा गडबडीत कुणाचा तरी हात कुणाकडे गेला आणि एका घरच्या ज्येष्ठेला दोन्ही हात डावे लागले. त्यांनी ते तीन दिवस तसेच ठेवले. काकू म्हणाल्या, "दोन्ही माहेरचेच की."

लग्नानंतर मी नाशिकला गेले, पण जमेल तेव्हा महालक्ष्म्यांना येत राहिले. आक्का गेल्या, मग काका गेले. काकूंचे हात कापायला लागले. मी हळहळले तर म्हणाल्या, "त्याचं काय एवढं? रेघ सुटली, पन ठिपके आपुआप पडत्यात. म्या निस्ती काडी धरते."

काकूंना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका भाद्रपदात. आक्कांच्या नातवाची बायको, ऋतुजा, घरी आलेली होती. ती शेंद्र्याला औषधांच्या कारखान्यात इंजिनियर. पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या तिच्याकडे, असं काकूंनी ठरवलं होतं. पोरगी खुशीत होती. काकू म्हणाल्या, "माझी एकच अट. कोरी नखं घेऊन माझ्या लेकींम्होरं उभं ऱ्हायचं नाय."

ऋतुजाचा चेहरा पडला. "आजी, कंपनीत नाही हो चालत. गेटवर नखं तपासतात. औषधात एक कण गेला तरी सगळा माल टाकून द्यावा लागतो."

"आक्काच निघाली की तुझी कंपनी," काकू म्हणाल्या. मग विचारात पडल्या. नियम कारखान्याचा होता, आणि अट देवीची. काकूंनी विचारलं, "पायात काय घालता तिथं?"

"बूट."

"बूट काढून बगत्यात व्हय?"

"नाही."

"मंग बस."

आणि ऋतुजाला समजायच्या आत काकू चटईवर बसल्या होत्या आणि तिचा पाय त्यांच्या मांडीवर होता. ती बिचारी नमस्कार करायला वाकणार होती. ती गडबडून पाय मागे ओढायला लागली. "आजी, नका ना. तुम्ही माझे पाय नका धरू. मला पाप लागेल."

काकूंनी पाय सोडला नाही. कापत्या हातानं काडी रंगात बुडवली.

"लेकीचे पाय धरल्यानं पाप लागतंय का पुन्य, ते मला ठावं नाय गं. घरात लेकच नव्हती. आता कळंल."

ऋतुजानं पाय ओढायचं थांबवलं.